तिसऱ्या पत्रातला म्हातारा

बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मी चार पत्रं लिहिली. चारही एकाच पत्त्यावर, एका थंड देशातल्या मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला. तेव्हा आम्ही अबुधाबीत राहायचो. बाबा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आई घरी असायची, आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी. ही डॉक्टर होणार, हे मी सात वर्षांची असल्यापासून आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत ठरून गेलेलं होतं.

कॉलेजने मला नाही म्हटलं नव्हतं, पण हो सुद्धा म्हटलं नव्हतं. वेटिंग लिस्टवर ठेवलं होतं. सोबतच्या कागदात लिहिलं होतं, की उमेदवाराला अजून यायचं असेल तर त्याने तसं पत्राने कळवावं, आणि मधल्या काळात काही नवीन केलं असेल तर तेही लिहावं. अशा पत्राला 'लेटर ऑफ इंटरेस्ट' म्हणतात, असं बाबांना ऑफिसातल्या एका इंजिनिअरने सांगितलं. त्याची मुलगी अशा पत्रांवरच आत गेली होती म्हणे.

"नुसतं 'मला यायचंय' लिहून भागत नाही," बाबा घरी येऊन म्हणाले. "दर पत्रात काहीतरी नवीन पाहिजे. ही मुलगी बसून नाहीये असं त्यांना वाटलं पाहिजे."

"But I am just sitting, Baba," मी म्हटलं.

खरंच मी बसूनच होते. शाळा संपली होती, मैत्रिणी इंडियात गेल्या होत्या. दुपारी खिडकीतून खाली पाहिलं तर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. सगळं पांढरं, स्थिर, आणि वर एसीची घरघर. शेवटी आईनेच मार्ग काढला. आमच्या खालच्या मजल्यावर केरळच्या एक सिस्टर राहायच्या. त्या ज्या हॉस्पिटलात होत्या तिथे पुरुषांच्या वॉर्डात मराठी कामगार येत, आणि त्यांचं बोलणं अर्ध्या नर्सना कळत नसे. सिस्टरांनी कुणाला तरी विचारलं, आणि मी आठवड्यातून तीन दिवस दहा ते एक वॉर्डात जाऊ लागले. माझं काम एवढंच: डॉक्टर इंग्रजीत विचारतील ते मराठीत विचारायचं, आणि उत्तर इंग्रजीत सांगायचं.

त्यातलं मला सगळ्यात आठवतं ते मालवणकडचे एक काका. बांधकामाच्या परांचीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. पाय प्लास्टरमध्ये, आणि तोंड दिवसभर चालू. मी दिसले की म्हणायचे, "काय गो बाय, इलंस?" त्यांचं बोलणं मलाही पहिल्यांदा नीट कळायचं नाही. त्यांच्या पलीकडे खिडकीपाशी शेवटचा बेड होता, तो कायम रिकामा. त्याच्यावरच्या एसीतून पाणी गळायचं आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो, इन्शाल्ला, असं चाललं होतं. गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि खाली एक बादली.

पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा मी वॉर्डात जेमतेम चार वेळा गेले होते. लिहिण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी लिहिलं, की रुग्णांसाठी मी एक तक्ता तयार केला आहे. दुखतंय, चक्कर येतेय, पाणी, उलटी, असे शब्द मराठीत, हिंदीत आणि अरबीत, आणि तो नर्सच्या टेबलामागे लावला आहे. असा तक्ता नव्हता. करू म्हटलं तर एका दुपारचं काम होतं, तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. उद्या करीनच, असं स्वतःला सांगितलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात टाइप करून ते फॅक्स केलं.

मी तक्ता केला नाही. पुढच्या आठवड्यात वॉर्डात गेले तर नर्सच्या टेबलामागे तक्ता लावलेला होता. पांढरा पुठ्ठा, निळं स्केचपेन, तीन रकाने. मी सिस्टरांना विचारलं, हे कुणी लावलं?

"तुमने ही तो बनाया ना?" त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

मी जवळ जाऊन वाचलं. अक्षर माझं नव्हतं. पण 'पाणी' हा शब्द 'पाणि' असा लिहिला होता. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझी ही चूक कायमची होती. मी आजीला लिहिलेल्या पत्रांत आई ती दर वेळी दुरुस्त करायची. मराठी वाचणारे पाचसहा पेशंट तेव्हा वॉर्डात होते, त्यांच्यापैकी कुणाचंही शुद्धलेखन असंच असेल. मी स्वतःची अशी समजूत घातली. पण कुणी केला ते विचारत सगळ्या बेडपाशी मी फिरले नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हे खरं.

दुसऱ्या पत्रात मी जरा पुढे गेले. लिहिलं, की एका पेशंटची चादर नीट करताना त्याच्या प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं मला गार लागली, मी ताबडतोब नर्सला सांगितलं, आणि त्यामुळे त्याचा पाय वाचला. प्लास्टर घट्ट झालं की रक्त अडतं आणि बोटं गार पडतात, हे मी एका पुस्तकात वाचलं होतं. बाबांनी ते वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना सगळं खरं वाटत होतं. मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

पत्र गेलं त्याच्या चौथ्या दिवशी मालवणच्या काकांच्या पायावरची चादर खाली सरकली होती. मी ती ओढताना माझा हात त्यांच्या बोटांना लागला. बोटं गार होती. फ्रिजमधून काढलेल्या भाजीसारखी गार.

काका म्हणाले, "काय झाला गो?" मग मी सिस्टरांना हाक मारली. धावपळ झाली, डॉक्टर आले, प्लास्टर कापलं, पुन्हा घातलं. सगळे माझं कौतुक करत होते. काका तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "ह्या पोरीमुळे माझो पाय वाचलो." मी लिहिलं नसतं तर बोटं गार झाली असती का? हा प्रश्न इतका वेडगळ होता की तो कुणाला विचारताच येत नव्हता. घरी येऊन मी जेवले आणि झोपून गेले.

मग कॉलेजकडून उत्तर आलं. अ‍ॅडमिशन ऑफिसातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, की माझी दोन्ही पत्रं समितीने आवडीने वाचली, आणि ज्या प्रसंगाने माझी कसोटी लागली असा एखादा प्रसंग मी लिहिला तर समितीला वाचायला आवडेल. बाबा तो कागद घेऊन घरभर फिरले. "कसोटी म्हणजे काय, लक्षात येतंय ना तुझ्या? त्यांना बघायचंय, तू मृत्यू पाहिलास की नाही. डॉक्टरला ते पाहावंच लागतं."

"I don't want to write about that."

"तुला इंटरेस्ट आहे ना? मग दाखव."

मी दोन दिवस टाळलं. तक्ता आणि गार बोटं डोक्यातून जात नव्हती. शेवटी ठरवलं, लिहायचंच तर असा माणूस लिहायचा जो कुठेच नाही. वॉर्डातल्या कुणाच्याही जवळपास जाणार नाही असा. म्हणून एक म्हातारा केला. लाकडी बोटीवर स्वयंपाक करणारा, बंदरावरून आणलेला, जवळ कागदपत्रं नसलेला, आमच्यापैकी कुणालाही कळणार नाही अशी भाषा बोलणारा. त्याला मी तो रिकामा, गळका बेड दिला, कारण तिथे कुणी नव्हतं आणि कुणी येणारही नव्हतं. डाव्या हाताची मधली दोन बोटं नाहीत, असं लिहिलं. ती कुठून सुचली मला ठाऊक नाही. भर दुपारी तो खिडकीचा पडदा उघडायला सांगतो, मी उघडते, आणि त्याचा हात हातात घेऊन बसते, तो हात जड होईपर्यंत. अर्ध्या तासात लिहून झालं. एक शब्दही खोडावा लागला नाही. असं माझं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सकाळी उठल्यावर वाटलं, हे पाठवू नये. मी बाबांच्या ऑफिसात फोन केला.

"अगं, केव्हाच केलं फॅक्स. खलास!" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "टाइप करताना मला दोनदा थांबावं लागलं."

संध्याकाळी त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. "कधी झालं हे? बोलली नाहीस ती."

"मागच्या आठवड्यात," मी म्हटलं.

"म्हणून जेवत नव्हतीस होय नीट," आई म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी नीट जेवत होते. तिला तसं आठवलं, एवढंच.

तिथे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. शनिवारी मी वॉर्डात गेले. दारातूनच दिसलं, की खिडकीपाशी बादली नाही. गळणं थांबलं होतं. गादी पसरली होती आणि बेडवर कुणीतरी झोपलं होतं.

"परवापासून आसा," मालवणचे काका हळू आवाजात म्हणाले. "बोटीवरसून उतरवल्यानी. काय बोलता ता कोणाक कळना नाय. तुका कळता काय बघ."

मी तिथवर गेले. सात-आठ पावलं असतील. पांढरी दाढी, वाळलेला चेहरा, चादर गळ्यापर्यंत. हात चादरीच्या आत होते. मी मनात म्हणत होते, हात बाहेर काढू नकोस. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे आपण पाहतो तसं ते पाहणं नव्हतं. उशीर झाला, पण आलीस एकदाची, अशा नजरेने घरचा माणूस बघतो, तसा तो बघत होता. मग त्याने डावा हात बाहेर काढला आणि खिडकीकडे केला. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि करंगळी. मधे काही नव्हतं.

पडदा उन्हासाठी ओढून घेतलेला होता. तो काहीतरी म्हणाला, एकच शब्द, दोनदा. तो शब्द मला कळला नाही, पण त्याला काय हवंय ते मला नेमकं माहीत होतं. वॉर्डात ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मी पडदा उघडला नाही. उघडला तर पुढचं होईल, असं मला वाटलं. मी मागे सरकले. बॅग उचलली. काका काहीतरी विचारत होते, त्यांना उत्तर न देता बाहेर आले, कॉरिडॉरमधून, लिफ्टमधून, रस्त्यावर. बारा वाजले असतील. पायाखाली सावली नव्हती. बसस्टॉपवर कुणी नव्हतं, समोरच्या दुकानांची शटर खाली होती, आणि एवढ्या मोठ्या रस्त्यावर एक गाडी येईना. बस आली तेव्हा ड्रायव्हरला मी दिसतेय का, अशी मला शंका आली. त्याने दार उघडलं तेव्हा बरं वाटलं.

घरी ताप आल्याचं सांगितलं. पुढे तो खरंच आला.

आठवड्याने मी परत गेले. शेवटच्या बेडवरची गादी पुन्हा गुंडाळलेली होती. मालवणचे काका काठीवर उभं राहायला शिकत होते. मला बघून ते खाली बसले.

"तू गेलंस त्याच दिवशी गेलो तो," ते म्हणाले. "दुपारी दोनाक." मग काठी भिंतीला टेकवून, "तो हात असो खाटीच्या दांड्यावर ठेवन होतो. माका वाटला, पाणी व्हया. दिलंय, तर घेवक नाय. पडद्याकडे बोट दाखवी होतो. मगे मीच उठलंय, काठी नाय, काय नाय, एका पायावर, आणि पडदो सारलंय. तरी तो खिडकीकडे बघूक नाय. दाराकडे बघी होतो."

मी विचारलं, "तुम्ही हात धरलात त्यांचा?"

"धरलंय. पण त्याका माझो नको होतो, बाय. सोडवन घेतल्यान."

काकांनी हे दोष देत सांगितलं नाही. घडलं ते सांगितलं. पुढच्याच आठवड्यात कंपनीने त्यांना विमानात बसवून गावी पाठवलं, आणि मी वॉर्डात जाणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी बाबा दुपारीच घरी आले, हातात मिठाईचा खोका आणि फॅक्सचा कागद. मला सीट मिळाली होती. बाबांनी कागद मोठ्याने वाचून दाखवला. त्यात म्हटलं होतं, की एका अनोळखी माणसाचा हात शेवटपर्यंत न सोडणारी विद्यार्थिनी आमच्याकडे यावी असं समितीला एकमताने वाटलं. ते वाक्य बाबांनी दोनदा वाचलं. ते दुसऱ्यांदा वाचत असताना मी रडायला लागले, आणि आधी दोघांना वाटलं की आनंदाने.

मग मी सगळं सांगितलं. मराठीतच सांगितलं, त्या वेळी इंग्रजी सुचलंच नाही.

"म्हणजे तू लिहिलंस ते खोटं?" बाबांनी विचारलं.

"लिहिलं तेव्हा खोटं होतं."

"आणि नंतर?"

"नंतर सगळं झालं. माणूस आला, बोटं तशीच, पडदा, सगळं. फक्त मी नव्हते. माझ्याबद्दल लिहिलेलं तेवढं झालं नाही."

बाबा बराच वेळ कागदाची घडी घालत बसले. घातलेली उलगडून पुन्हा घालत. "योगायोग असतात," ते म्हणाले. "हॉस्पिटल आहे. म्हातारी माणसं येतात, जातात. बोटीवर काम करणाऱ्यांची बोटं तुटतात. त्यात काय?" पण माझ्याकडे बघत नव्हते.

आईने त्या सगळ्यातलं एकच विचारलं, "शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?"

"शेजारचे काका होते."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग, "त्या लोकांना लिही. खरं काय ते लिही."

"सीट जाईल," बाबा म्हणाले.

"जाऊ दे की."

चौथं पत्र मी हाताने लिहिलं. बाबांनी ते टाइप केलं नाही, फॅक्सही केलं नाही. पण मी पोस्टात जायला निघाले तेव्हा गाडीची किल्ली घेऊन तेही उठले. मी आत जाऊन येईपर्यंत ते गाडीत एसी लावून समोर बघत बसले. परत येताना सिग्नलला थांबल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, जसं लहानपणी मी इंजेक्शन घेऊन आल्यावर ते थोपटायचे.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. आलं ते चार ओळींचं. माझं पत्र समितीने वाचलं, ते माझ्या फाइलला लावलं आहे, सीट कायम आहे, सप्टेंबरमध्ये भेटू. बाबा म्हणाले, "बघ, खरं बोललीस ते बरं झालं." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. माझा गेला नाही. चौथं पत्र लिहितानासुद्धा मी दोन वाक्यं खोडली होती, ती चांगली वाचली जात नव्हती म्हणून. मी खरं सांगितलं की आणखी एक चांगलं पत्र लिहिलं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पुढे त्याच कॉलेजात शिकले, डॉक्टर झाले, रोज माणसं पाहते. अजूनही ते ठरत नाही.

निघायच्या आधी आई मला म्हणाली, चल, त्या बोटीवरच्या आजोबांना कुठे ठेवलं ते तरी विचारून येऊ. आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. खालच्या मजल्यावर एका खिडकीमागे एक क्लार्क होता. त्याने कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, नाव? मी म्हटलं, माहीत नाही. देश? माहीत नाही. मग त्याने मान वर केली.

"आप कौन लगती हैं उनकी?"

मी आईकडे पाहिलं. मागे तीन माणसं रांगेत होती.

"पहचान के थे," आई म्हणाली.

त्याने वॉर्डाचा नंबर आणि महिना विचारला, बराच वेळ शोधलं, आणि सांगितलं की बॉडी पोलिसांनी नेली, पुढची नोंद इथे नसते. आईने त्याचे आभार मानले. बाहेर आल्यावर ती पायरीवर थांबली. पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात हात जोडून मिनिटभर उभी राहिली, कुठल्या दिशेला तोंड करावं ते न कळल्यासारखी. मी तिच्या शेजारी उभी राहिले. मग आम्ही बस पकडली आणि घरी येऊन माझी बॅग भरली.